वाचकांचे प्रश्न: रायगडावर नुसतं बघायचं नाही, ऐकायचं पण

जून जवळ आला की आमच्याकडे रायगडाबद्दलची पत्रं वाढतात, ६ जूनचा राज्याभिषेक दिन असतो, तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा सोहळा असतो, आणि पाऊस लागला की ट्रेकवाले असतातच. पण यावेळी बऱ्याच जणांनी आवाजाबद्दल, गाण्या-वाजवण्याबद्दल विचारलंय. मला फार बरं वाटलं, कारण गडावर जाऊन लोक फोटो भरपूर काढतात पण कान देऊन ऐकणारे कमीच. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतोय.

प्रश्न (पुण्यातला कॉलेजमधला वाचक): सिंहासनापाशी कुजबुजलं तरी नगारखान्यात ऐकू येतं असं सगळे सांगतात. गाईडने कागद फाडून दाखवला पण आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच काही ऐकू आलं नाही. हे खरंय की नुसतंच सांगायचं म्हणून सांगतात?

खरंय. पण तुम्ही बहुतेक सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गेला असणार, तेव्हा सदरेवर, म्हणजे राजसभेच्या जागेत, शेकडो माणसं बोलत असतात आणि वर वारा, मग कागद फाटल्याचा आवाज कुठून येणार.

आता हे होतं कसं ते बघा. राजसभा साधारण २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे, सिंहासनाची जागा पूर्वेकडे तोंड करून आणि बरोब्बर समोर नगारखान्याचा दरवाजा. म्हणजे मधलं अंतर झालं सदुसष्ट मीटरच्या आसपास. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे सदुसष्ट मीटरवर कुजबूज पोचायलाच नको. पण सदर म्हणजे मोकळा माळ नाही, दोन्ही अंगाला भिंती आहेत, खाली कठीण जमीन आहे, समोर नगारखान्याची उंच दगडी बाजू आहे आणि दगड आवाज पिऊन टाकत नाही, परत फेकतो. सिंहासनाकडून निघालेला आवाज एक तर सरळ येतो आणि दुसरा बाजूच्या भिंतीवर आपटून येतो. हा दुसरा रस्ता जेमतेम दहा मीटरने लांब पडतो, म्हणजे त्याला उशीर होतो सेकंदाच्या तीन शतांश एवढाच. आपला कान इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज वेगळे मोजत नाही, त्याला तो एकच, जरा ठसठशीत झालेला आवाज वाटतो. चांगल्या नाट्यगृहात मागच्या रांगेला नटाचा शब्द कळतो तो ह्याच कारणाने.

आणि हे सगळं आज, जेव्हा सदरेचा वरचा भाग उरलेलाच नाहीये. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, वाडे जळाले, जे राहिलं ते जोती आणि भिंती. तरी एवढं ऐकू येतं, तर मूळ सदरेत महाराजांचा शब्द कसा पोचत असेल याचा विचार करा. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला, जगदीश्वराच्या देवळात त्यांचा शिलालेख आहे, आणि माझं प्रामाणिक मत असं आहे की सदरेची मापं काढताना त्या माणसाच्या डोक्यात आवाजाचाही विचार होता. लेखी पुरावा मागाल तर तो देता येणार नाही, पण दरबारात राजाचा शब्द शेवटच्या माणसाला कळलाच पाहिजे ही गरज तर उघड आहे ना.

परत जाल तेव्हा पहाटे जा, गर्दी व्हायच्या आत. एकाने मेघडंबरीजवळ, म्हणजे सिंहासनाच्या जागेवर जी छत्री आहे तिच्याजवळ, थांबायचं, जिथपर्यंत सोडतात तिथपर्यंतच, आणि दुसऱ्याने नगारखान्याच्या कमानीत. ओरडायचं नाही. 'स', 'च', 'ट' असली अक्षरं असलेलं एखादं वाक्य हळू आवाजात बोलायचं, शब्द ओळखू येतो तो ह्या अक्षरांवरनं.

प्रश्न (सांगलीहून निवृत्त शिक्षक): राज्याभिषेकाच्या वेळी कोणती वाद्यं वाजली असतील? सिरियलमध्ये काहीही दाखवतात.

सर, वाद्यं वाजली आणि तोफा झाल्या एवढं बखरींच्या वर्णनातून येतंच. नगारा, शिंग, तुतारी, कर्णा, सनई, झांजा ही दरबारातली आणि फौजेतली नेहमीची वाद्यं, त्यामुळे तिथे शंका नको. आणि नगारखाना ही तर इमारतच वाद्यांसाठीची. रायगडाचा नगारखाना बालेकिल्ल्याचं प्रवेशद्वार आहे आणि जिन्याने वर गेलं तर गडावरच्या सगळ्यात उंच जागांपैकी एका ठिकाणी आपण पोचतो. नगारा तिथे ठेवण्याचं कारण त्यातच आलं.

वाद्यांची निवडही विचार करण्यासारखी आहे. नगाऱ्याचा आवाज खर्जातला. खर्जातला आवाज हवेत कमी जिरतो, झाडीला आणि खडकाच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे जातो, म्हणून लांबून नगारा ऐकला तर चामड्यावर टिपरू पडल्याचा 'टण' जातो आणि नुसता घुमारा उरतो. तुतारीचं उलटं. तिला ना भोकं ना पट्ट्या, फक्त पितळेची किंवा तांब्याची वळलेली नळी, सगळे स्वर ओठांच्या दाबावर आणि फुंकीवर काढायचे, त्यामुळे सा-रे-ग-म असं सलग काही वाजवता येत नाही, ठराविक चार-पाच स्वरांवरच उड्या मारायच्या. पण तो आवाज असा धारदार असतो की शेकडो माणसांच्या गलक्यातही वेगळा कळतो. म्हणजे लांबच्याला नगारा आणि जवळच्या गर्दीला तुतारी अशी ही वाटणी आहे, आणि सिरियलवाले दोन्हीवर मागून सिंथेसायझर टाकतात तेव्हा नेमकं हेच हरवतं.

इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या समारंभाला हजर होता, दारात उभे केलेले हत्ती बघून हे एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने तो लिहून ठेवला. मला मात्र कायम वाटतं की ह्या माणसाने जे ऐकलं ते पण सविस्तर लिहायला हवं होतं.

प्रश्न (ठाण्याहून, शाहिरी पथकातला एक कार्यकर्ता): आम्ही जूनमध्ये गडावर पोवाडा सादर करतो. खाली पाचाडला डफ मस्त वाजतो आणि वर गेलं की फद्द फद्द. काय करावं?

दादा, तुमच्या डफाचा दोष नाही, तुम्ही ढगात वाजवताय. रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर, कोकणातून वर येणारा दमट वारा पहिला तिथेच धडकतो. जूनमध्ये वर धुकं म्हणजे ढगच असतो. चामडं हवेतलं पाणी ओढतं, सैल पडतं, आणि ताण कमी झाला की स्वर उतरतो आणि थाप मरते.

जुने लोक करतात तेच करा, शेकायचं. पण शेकण्याची पण पद्धत आहे. डफ जाळावर धरायचा नाही, निखाऱ्यावर धरायचा, हातभर वर, तोंड खाली करून, आणि सतत फिरवत राहायचं, एका जागी थांबलात की चामडं तिथे आकसतं आणि कडेला फाटतं. मधूनमधून अंगठ्याच्या पेराने कडेजवळ टिचकी मारून बघायची, आधी आवाज बसका येतो, मग मोकळा होतो, आणि टिचकीनंतर थोडा लांबायला लागला की थांबायचं. त्याच्या पुढे शेकलं तर आवाज चढतो खरा पण पत्र्यासारखा होतो आणि पाच मिनिटांत परत उतरतो. मात्र गडावर कुठेही शेकोटी पेटवायची नाही, रायगड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, जिथे परवानगी असेल तिथेच, नाहीतर खालूनच शेकून घ्या, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, वरून प्लॅस्टिक, आणि सादरीकरणाच्या अगदी आधी बाहेर काढा. शक्य असेल तर दोन डफ न्या आणि आलटून पालटून वाजवा.

तुणतुण्याची तार धातूची, तिला दमट हवेचं फार काही होत नाही, पण तिचं दुसरं टोक ज्या चामड्याला आहे ते सैल पडलं की तार पण उतरते. म्हणून वर पोचल्यावर आधी डफ ठीक करा, मग त्याच्याशी तुणतुण्याची खुंटी पिळून जुळवा, आणि गाणाऱ्याने पट्टी अर्धा स्वर खालीच धरलेली बरी. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढून आल्यावर वरच्या पट्टीत "जी जी रं जी" ओढणारे झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागे सूर धरणारे साथीदार, मी ऐकलेत, पोवाड्याच्या तिसऱ्या चौकापर्यंत, म्हणजे तिसऱ्या कडव्यापर्यंत, घसा बसतो त्यांचा.

प्रश्न (नाशिकहून एक आई): मुलीला शाळेत पोवाडा आहे. ती विचारते, पोवाड्यातलं सगळं खरं असतं का? घोरपड खरी का? हिरकणी खरी का?

मुलगी हुशार आहे हो. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गप्प करू नका.

सगळ्यात जुन्या उपलब्ध पोवाड्यांमधला एक अज्ञानदास, म्हणजे अगिनदासाचा, अफजलखानाच्या वधाचा. ती घटना १० नोव्हेंबर १६५९ ची, प्रतापगडाखालची, आणि हा पोवाडा घटनेच्या जवळच्या काळातला मानतात. दुसरा प्रसिद्ध पोवाडा तुळशीदासाचा, तानाजीचा, सिंहगडाचा. रायबाचं लग्न आणि यशवंती घोरपड आपल्या सगळ्यांच्या डोक्यात त्या पोवाड्यामुळेच आहेत. आता सभासदाची बखर बघा, १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली. त्यात घोरपड नाही. त्यात आहे ते असं की निवडक मावळे वानरासारखे कड्यावरून चढले, गड घेतल्यावर गवताची घरं पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून बघितला. १६७० च्या फेब्रुवारीतली रात्र, दोन गडांमध्ये सरळ रेषेत साधारण पंधरा किलोमीटर अंतर, एवढ्या लांब नगाऱ्याचा भरवसा नाही, तिथे आगच दिसणार. हा तपशील मला घोरपडीपेक्षा जास्त थरारक वाटतो.

तर मुलीला असं सांगा की शाहीर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून रचतो, तो तारखा लिहायला बसलेला नसतो. पण कोणत्या काळात लोकांना कशाचा अभिमान वाटत होता, कोण आपलं वाटत होतं, हे पोवाड्यातून जेवढं कळतं तेवढं कागदपत्रातून कळत नाही. दोन्ही वाचायचं. जुने पोवाडे आज छापील मिळतात ते ॲक्वर्थ आणि शाळिग्राम या दोघांनी गोळा करून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले म्हणून. आणि महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो जरूर वाचा, त्यात महाराज कुणबी-शेतकऱ्यांचे राजे म्हणून येतात, तो फार वेगळा सूर आहे.

हिरकणी ही दंतकथा आहे, समकालीन कागदात ती नाही. पण कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि बाळासाठी आई कडा उतरून गेली, हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, गायलं, आणि बुरुजाला तिचं नाव आहे. मुलीला बुरुजावरून खाली बघू द्या एकदा, तुमचा हात धरून. मग ती गोष्ट का टिकली ते तिला आपोआप कळेल.

प्रश्न (मुंबईचा ट्रेकर): जुलैत गड चढताना पहाटे दरीतून कुणीतरी माणूस शीळ घालत होता, एकदम सुरात, पण वेड्यावाकड्या चालीत. आम्ही हाका मारल्या, उत्तर नाही. नंतर एकाने सांगितलं पक्षी आहे. कोणता?

मलबार शीळकरी कस्तूर! काय नशीबवान आहात तुम्ही. काळपट निळा, कपाळावर आणि खांद्यावर चकाकती निळी झाक, ओढ्याच्या आणि धबधब्याच्या आसपास राहणारा. पाऊस हाच त्याचा विणीचा हंगाम, त्यामुळे नर तेव्हाच मोकळ्या गळ्याने गातो, उजाडायच्या आधीपासून. बाकी वर्षभर तो गप्पगप्प असतो, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांना तो भेटतच नाही.

तुम्हाला माणूस वाटला याचं कारण त्याची शीळ खरंच आपल्या शिळेसारखी आहे, एका वेळी एक स्वच्छ स्वर, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये घसरतो, मींड घेतल्यासारखा. पण तो कुठल्या तालात बसत नाही, एक ओळ घेतो, मध्येच सोडतो, दुसरीकडूनच सुरू करतो. पाणी एवढ्या धो धो आवाजात पडत असतं, त्यात किलबिल टाइप बारीक आवाज बुडून जातो, अशी एकसुरी जोरकस शीळच वर तरंगते. पहाटे वारा पण पडलेला असतो, आणि जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार असली की आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो आणि दरीच्या ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू येतं. दुपारी ऊन पडलं की उलटं, जमीन तापते, आवाज वर उचलला जातो. म्हणून तोच पक्षी दुपारी गायला तरी तुम्हाला कळणार नाही.

बाकी ओळखायचे झाले तर पाऊस यायच्या आधी मे-जूनमध्ये पावशा असतो, "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणणारा, त्याचं नीट ऐका, प्रत्येक वेळी स्वर थोडा वर चढवतो, चढवत चढवत अगदी टिपेला नेतो आणि तिथे पटकन तोडतो, परत खालून सुरू. पायथ्याच्या झाडीत तांबट, टुक टुक टुक एका लयीत, मिनिटं न्‌ मिनिटं, तबल्याच्या विद्यार्थ्याने त्याच्यावर ठेका धरायची प्रॅक्टिस करावी इतका पक्का. पहिल्या पावसानंतर रात्री टाक्यांमधून बेडूक, एक थांबला की दुसरा. गंगासागर तलावाच्या बाजूला संध्याकाळी शांत बसलात तर पंधरा मिनिटांत सगळी पाळी बदललेली कळते, दिवसाचे गप्प होतात, रातकिडे लागतात.

आणखी एक गंमत मुलांना करून दाखवा. कड्यासमोर उभं राहून एकच टाळी वाजवायची आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, जाऊन परत यायचं म्हणून एक सेकंदाला कडा १७० मीटर लांब, दोन सेकंदाला ३४०. कडा सतरा मीटरच्या आत असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही, टाळी नुसती जाड वाटते. पण एकदाच, आणि आजूबाजूला मोहोळ नाही ना ते बघून.

प्रश्न (नाव न लिहिलेलं पत्र): गडावर ब्लूटूथ स्पीकरवर शिवगीतं लावली तर काय बिघडतं? भक्तीनेच लावतो.

भक्तीबद्दल शंका नाही. पण बिघडतं. वर जो कस्तूर सांगितला त्याचं गाणं जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी असतं, तुमच्या स्पीकरमुळे ते पोचत नाही. कड्याला आग्या मोहोळं असतात, गडागडांवर माशा उठून लोक जखमी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, धूर, उग्र वास आणि दंगा ही त्याची नेहमीची कारणं. आणि ज्या सदरेत कागदाचा आवाज ६७ मीटर जातो तिथे तुमचा स्पीकर कुठवर जाईल, तिथे डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाचं काय? गायचंय ना, मग गळ्याने गा. आठ-दहा जणांनी मिळून समाधीपाशी हळू आवाजात म्हटलेलं पद कुणालाही त्रासाचं होत नाही.

प्रश्न (वेल्ह्याजवळच्या गावातून): माझी आजी जात्यावरच्या ओव्यांत गडांची, शिवाजीराजांची नावं घ्यायची असं आई सांगते. आता आईलाच थोड्या आठवतात. हे कुठे जमा करता येईल का?

ताई, हे पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण ह्यात घाई करायची आहे.

पोवाडा पुरुषांनी चौकात गायला, त्याला बिदागी मिळाली, तो छापला गेला. ओवी बायकांनी पहाटे अंधारात गायली आणि तिला ऐकायला बहुतेक वेळा फक्त समोर जातं ओढणारी दुसरी बाईच होती. तुमच्या मावळ-मुळशीच्या पट्ट्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, तो संग्रह आता 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या माध्यमातून लोकांपुढे येतोय, तिथे तुम्ही जरूर लिहा. पण त्याआधी घरी रेकॉर्ड करा, ह्याच आठवड्यात.

आईला नुसतं "म्हण" म्हणू नका, बसल्या जागी ओवी आठवत नाही. घरात जातं असेल तर त्याच्यावर मूठभर दाणे टाकून बसवा, नसेल तर हाताने खुंटा फिरवायची हालचाल तरी करू द्या, कारण ओवीची चाल ही जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते, हात फिरायला लागला की शब्द येतात. मोबाईल जात्यावर ठेवू नका, घरघरीत आवाज बुडतो, आईच्या तोंडापासून हातभर लांब, फडक्यावर ठेवा. पंखा बंद. चुकली तरी थांबवू नका, एकच ओवी दोन तऱ्हेने म्हटली तर दोन्ही ठेवा. नंतर तिच्याकडूनच विचारून घ्या, ही कुणाकडून शिकली, ती बाई माहेरची कुठली, ओवीतला गड गावातून दिसतो का. शेजारच्या दोन म्हाताऱ्या बोलावता आल्या तर आणखी चांगलं, एकीची ओळ अडली की दुसरी पुढची उचलते.